मदत हवी आहे: व्हिडिओतलं इंग्रजी कळतं, फोनवरचं कळत नाही

धायरीकर_ताई
नमस्कार मंडळी. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. बारा वर्षं पुण्यात पेठेत काढली. तिथे 'डॉक्टर आहेत का' आणि 'दाढ ठणकतेय' एवढ्यावर भागायचं. आता डॉक्टरांनी कल्याणीनगरला दुसरी शाखा काढली आणि मला तिकडे बसवलं. तिथे दहातले सात फोन इंग्रजीत!

माझं शिक्षण मराठी माध्यमात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, आम्ही त्याच्या आधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. वाचता येतं, मेसेजही लिहिते. गेले चार महिने मोबाइलवर छोटे धडे बघतेय. धायरीहून स्वारगेटपर्यंत बस, पुढे मेट्रो, कोर्टाच्या स्टेशनला बदलायची, असे जाऊन-येऊन दोन तास हाताशी असतात. रात्री मुलाबरोबर इंग्रजी गाणी. व्हिडिओतल्या बाई बोलतात ते शब्दन् शब्द समजतं. पण त्या माझ्यासाठी बोलतात ना! फोनवरची माणसं माझ्यासाठी थांबत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक बाई म्हणाल्या ते मी ऐकलं 'आय कॅन कम ॲट फाइव्ह'. पाचची वेळ लिहून टाकली. त्या 'कॅन्ट' म्हणाल्या होत्या. डॉक्टर पावणेसहापर्यंत वाट बघत बसले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

क्लास सुचवू नका, एकदा पैसे घालवून झालेत. तीस जणांत तोंड उघडायची पाळी आठवड्यातून एकदा यायची. व्हिडिओ बदलू की पद्धत? गाण्यांनी काही होतं का, की नुसती करमणूक? आणि बसमध्ये मोठ्याने बोलता येत नाही, त्याचं काय करू?

पेठकर
त्यांनाच मराठीत बोलायला लावा. पुण्यात राहतात ना?

धायरीकर_ताई
लावते की. नोकरी गेली तर पगार तुमच्याकडे मागू का?

हेडफोनवाला
ताई, नऊ वर्षं कॉल सेंटरला होतो, हा घोळ आमच्याकडे नव्या पोरांचा रोज व्हायचा. तुम्ही शेवटचा 'ट' ऐकायला जाता, आणि पुष्कळ जण, विशेषतः अमेरिकन, तो गिळतात. 'ट' सोडा, मधला स्वर ऐका. 'येऊ शकते' म्हणायचं असेल तर तो शब्द पार दबतो, जवळजवळ 'आय कन कम' असा, आणि जोर 'कम'वर पडतो. 'येऊ शकत नाही' असेल तर 'कॅन्ट' पूर्ण तोंड उघडून येतो आणि जोर त्याच्यावरच. आपण मराठीत दोन्ही सारख्याच वजनाने म्हणतो, म्हणून कानाला फरक लागत नाही.

फिफ्टीन-फिफ्टीचंही तेच. पंधरात 'टीन' लांबतं, पन्नासात 'फिफ्'वर ठोका पडतो. तरी शंका आली तर सरळ विचारायचं, 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?' आणि फोन ठेवण्याआधी वेळ परत बोलून दाखवायची: 'सो यू आर नॉट कमिंग टुडे, राइट?' यात लाज कसली, आम्हाला तर तसा नियमच होता.

ताशेवाला
गाण्यांबद्दल मी सांगतो, आमच्या पथकातल्या भाषेत. इंग्रजी वाक्यात महत्त्वाचे शब्द म्हणजे ढोलाचे ठोके, बाकीचे बारके शब्द ताशासारखे मधल्या जागेत कोंबायचे. ठोके आपल्या जागेवर पडतात, मधे कितीही शब्द येऊ देत. मराठीत आपण अक्षराला अक्षर वजन देत जातो. ही चाल अंगात मुरायला गाणी चांगली, त्यातही लहान मुलांची. तुमच्या मुलाचीच म्हणा, मांडीवर ताल धरून. मोठ्यांच्या गाण्यांतून व्याकरण मात्र उचलू नका. तिथे 'शी डझन्ट'च्या जागी 'शी डोन्ट' सर्रास चालतं, सूर लांबवायला जोर भलत्याच अक्षरावर जातो. कल्याणीनगरच्या बाईंना 'शी डोन्ट' ऐकवलंत तर दात दाखवतील, तेही फुकट!

कोथरूडची_मावशी
धडे खूप झाले, बाळा. मी पन्नाशीत शिकले, सुनेशी बोलायला (सून तमिळ). दिवसाला दहा व्हिडिओ बघत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग एकच दोन मिनिटांचा तुकडा आठवडाभर धरला. आधी खालची अक्षरं (सबटायटल्स) बंद करून ऐकायचा, मग खाली इंग्रजीच अक्षरं लावून, मराठी नाही. मराठी दिसलं की कान झोपतात. आपोआप उमटणारी अक्षरं कधीकधी चुकतात, तेव्हा माणसाने लिहून दिलेली असतील तेच घे. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' आहे ना, दोघे जण गप्पा मारतात, सहा मिनिटांत संपतं, आणि सगळं लिहिलेलं मिळतं. नंतर वाक्याच्या मागोमाग आपण म्हणायचं, त्याच चालीत. बसमध्ये ओठ हलवले तरी पुरतं, आवाज घरी काढ. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐक. पहिल्या दिवशी मी तो फोन उशीखाली ठेवून दिला होता, इतकी लाज वाटली.

आणि तुला लागणारी वाक्यं असून असून किती असतील? वीस. तीच घोक.

हेडफोनवाला
मावशींशी सहमत. भुयारी मेट्रोत रेंजचा भरवसा नको, स्टेशनात उतरण्याआधी डाउनलोड करून ठेवा. वेग पाऊणपट करू नका, आता उलट सव्वापट करून बघा.

धायरीकर_ताई
तीन आठवड्यांनी सांगायला आले. वीस नाही, सतरा वाक्यं निघाली. टेबलाच्या काचेखाली लावलीत, देवनागरीत, जोर येतो त्या अक्षराखाली रेघ मारून. वेळ परत म्हणून दाखवायची सवय लागली. काल एकाने 'फिफ्टी' म्हटलं की 'फिफ्टीन' ते विचारलं, तर तो म्हणाला, 'गुड यू आस्क्ड'. गाणी म्हणताना मुलगाच माझा जोर दुरुस्त करतो, तेवढा अपमान गिळते.

सव्वापट वेग मात्र झेपला नाही, डोकं दुखलं. आता अडचण वेगळीच. समोरचा माणूस आडनावाचं स्पेलिंग सांगतो तेव्हा 'बी', 'डी', 'पी' सगळे सारखेच ऐकू येतात. 'बी फॉर' काय काय म्हणतात, त्याचा काही ठरलेला तक्ता असतो का? पेठकर, तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल.

पेठकर
बी फॉर बाकरवडी. पी फॉर पर्वती. लिहून घ्या.