बॉयलरचं लॅगिंग आणि प्रोस्टेट कॅन्सर, संबंध आहे का?

डोंबिवलीकर_फास्ट:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ७२, मिलच्या बॉयलर हाऊसला २६ वर्षं फिटर होते. पाइपांवरचं जुनं लॅगिंग (उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला थर) फोडायचं नवीन लावायचं, अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी काय पावडर काय सगळं हातानेच, मास्क कुठला, तोंडाला फडकं बांधायचे. मागच्या महिन्यात लघवीचा त्रास म्हणून पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केली तर १४ आली, मग एमआरआय, मग बायोप्सी, आणि आता प्रोस्टेट कॅन्सर निघालाय, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा) ७. मावसभाऊ म्हणतो हे त्या धुळीनेच झालं, क्लेम लाव. खरंच असं असतं का? आणि क्लेम लावू कुणावर, मिलच्या जागी आता मॉल आहे.

मायक्रोस्कोपवाली:
अण्णांना लवकर बरं वाटू दे. पण भावाचं म्हणणं तेवढं पटत नाही. आयएआरसी म्हणून डब्ल्यूएचओची कॅन्सरवरची संस्था आहे, त्यांच्या २०१२ च्या अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसने नक्की होणारे कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा), फुफ्फुस, स्वरयंत्र आणि बायकांमधे अंडाशय. घसा, जठर, मोठं आतडं ह्यांचा पुरावा मर्यादित. प्रोस्टेट त्यात नाहीच. काही पाहण्यांत अशा कामगारांमधे थोडा जास्त दिसलाय, पण फरक लहान, आणि ज्यांची वरचेवर तपासणी होते त्यांच्यात सापडतोही जास्तच ना. ह्या कॅन्सरचं मोठं कारण म्हणजे वय. दुसरं घराणं, वडील किंवा सख्खा भाऊ असेल तर धोका साधारण दुप्पट, तेव्हा पन्नाशी जवळ आली की तुम्ही स्वतःचं बघा.

जुना_बॉयलरवाला:
मी पण हेच काम केलंय, वेगळ्या कारखान्यात. अहो प्रोस्टेटवरून भांडत बसू नका, अण्णांची छाती तपासा आधी!! ह्या धुळीचं दुखणं २०-३०-४० वर्षांनी वर येतं. एक्सरे, पीएफटी (फुंकून करायची फुफ्फुसाच्या ताकदीची तपासणी) आणि डॉक्टर म्हणाले तर एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन), आणि त्यांना आवर्जून सांगा काय काम केलं ते, नुसतं "मिलमधे होते" म्हटलं की ते कापसाच्या धुळीचं धरतात. विडी असेल तर कायमची बंद, विडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरला कैक पटीने आमंत्रण. क्लेमचं म्हणाल तर भरपाईच्या कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर नि मेसोथेलिओमा आहे, प्रोस्टेट नाही. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने ह्या धंद्यातल्या कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवा. ठेवलं किती जणांनी ते देवाला माहीत. ईएसआयचं कार्ड, पगाराच्या जुन्या स्लिपा असतील तर टाकू नका. आणि हो, घरी त्यांचे कपडे कोण धुवायचं? ती धूळ कपड्यांवरून घरी येते, धुणाऱ्याच्याही छातीत जाते.

पत्र्याखालचा:
आमच्या छपराला अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, आम्हाला पण भीती का?

मायक्रोस्कोपवाली:
@पत्र्याखालचा, धड असतील तर घाबरू नका. ड्रिल, कापाकापी, कोरड्या ब्रशने घासणं नको. बदलताना ओले करून अख्खे उतरवा, फोडू नका.

डोंबिवलीकर_फास्ट:
धन्यवाद सगळ्यांना. @जुना_बॉयलरवाला काका, कपडे आईच धुवायची, आधी गॅलरीत झटकून मग. चाळीत शेजारच्या काकू ओरडायच्या त्यावरून. अण्णांची विडी २००८ ला सुटली. सोमवारी छातीच्या डॉक्टरांकडे दोघांचा नंबर लावलाय, आई म्हणते मला काय झालंय, मी नाही येणार. बघू.