बोटीवरून उतरून द्राक्षाच्या गावाला कोण कोण गेलंय? अनुभव लिहा

जालनेकर:
शेजारच्या बागेत खरड छाटणी चालू झाली, काड्यांचे ढीग बघून सँतोरिनी आठवलं. ग्रीसच्या क्रूझला अप्पांना (सासरे) नेलं होतं, सगळं आयुष्य द्राक्षात गेलेला माणूस. बोट समुद्रातच उभी राहते, छोट्या बोटीनं अथिनिओस बंदराला उतरायचं अन् तिथून बस घाट चढते. गाइड म्हणली ह्या बघा बागा, आम्हाला तर काही दिसेचना! ना मांडव ना तारा ना ठिबक. वेल जमिनीलगतच गोल गोल वळून टोपली केलेली, घड आतमध्ये, वाऱ्यानं झोडपू नये म्हणून. पाऊस नावालाच, रात्रीचं धुकं अन् दव त्या ज्वालामुखीच्या मातीत मुरतं त्याच्यावर बाग. बाकीचे वाईन टेस्टिंगला आत, अप्पा बाहेर माती उकरत बसलेले, तिथल्या गड्यासंगं हातवारे करून छाटणीवर चर्चा. आत आणून अस्सिर्तिकोचा (तिथली पांढरी वाईन) ग्लास दिला तर नुसता वास घेऊन म्हणले, "आंबट हाय, साखर भरायच्या आधीच तोडलाय माल."

मांजराकाठ:
😂😂 अप्पा ग्रेट

गोदाकाठची:
आमचं इटली. लिवोर्नोला बोट लागली, सगळे पिसा-फ्लोरेन्सला पळाले, आम्ही चियांतीला, वाईनच्या बागांकडं. आत्याबाई माळकरी, वाईनचा प्रश्नच नव्हता पण ब्रेड अन् ऑलिव्ह तेल खातील म्हणलं. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा (चियांती क्लासिकोचा शिक्काच तो) बघितला अन् तेलालापण हात लावला नाही. पर्समधल्या दशम्या निघाल्या मग, गाइडनं दोन खाल्ल्या

बालाघाट:
स्पेनच्या काडिझला उतरून हेरेझला जा कोणी गेलं तर. शेरी नावाची वाईन तिथली. पिंपांच्या रांगा एकावर एक, खालच्यातनं थोडी काढायची, वरच्यातनं तेवढी भरायची, जुन्यात नवं मिसळतच राहतं, आजीच्या विरजणासारखं. उन्हाचं गेलो होतो, बोदेगात (वाईनचं कोठार) इतकं गार की बाहेर यावं वाटेना

कोरडवाहू:
इकडं टँकर सुरू झालेत अन् तुमचं वाईन चाललंय, चालू द्या

जालनेकर:
@कोरडवाहू दादा म्हणून तर लिहिलं, बिनपाण्याची बाग आहे ती. अजून एक, तिथं फायलॉक्झेरा (मुळं खाणारी कीड) आलाच नाही, वेल स्वतःच्या मुळावर, कलम नाही. अप्पा विचारत होते खुंट (कलमाखालचं मूळझाड) कोणता, डॉगरिज का

कोरडवाहू:
आपल्याकडं डॉगरिज खाऱ्या पाण्यासाठी अन् पाणी कमी म्हणून लावतेत, त्यांना समुद्राशेजारी खारं नाही का होत?? शेततळं अस्तर फाटलंय माझं, कोणी चांगला कारागीर सांगा

मांजराकाठ:
@कोरडवाहू व्यनि (खासगी निरोप) केलाय

गोदाकाठची:
सँतोरिनीची विनसांतो वाईन पिली का कोणी? द्राक्षं उन्हात वाळवून करतेत ती, गोड

जालनेकर:
हो ती मात्र अप्पांनी चमचाभर चाखली, बेदाण्याचा माल म्हणल्यावर. उन्हातच वाळवतेत हे ऐकून नाराज, सावलीला शेडमध्ये टाकायला पायजे होतं म्हणे, रंग जातो

नवीन_प्रवासी:
बोटीवाल्यांचीच सहल घ्यावी का बाहेरून टॅक्सी?

बालाघाट:
बोटीवाल्यांची महाग पण उशीर झाला तर बोट थांबते. टॅक्सीवाल्यासाठी थांबत नाही. अन् बाटल्या घेतल्या तर आमच्या बोटीवर चढतानाच काढून घेतल्या, शेवटच्या दिवशी परत दिल्या

नवीन_प्रवासी:
धन्यवाद. बोट लागते का हो? मला जिंतूर-परभणी एसटीतपण उलटी होते

मांजराकाठ:
त्या रस्त्यानं कोणालाही होईल