सागापेक्षा शिसव बघा

रोटरी क्लबच्या मावळत्या अध्यक्षांना भेट म्हणून सभेत टेबलावर ठोकायची हातोडी (गॅव्हल) सागाची कातावी का, असं एकाने विचारलंय. साग कातायला सोपा, पण ठोका बद्द वाजतो. जड, सुकलेलं शिसव मिळालं तर तेच घ्या.

हातोडीच्या डोक्यात लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे ठोका रेषांच्या टोकांवर बसतो. दांड्याचं भोक लेथवर (कातायच्या यंत्रावर) चढवण्याआधी, तुकडा चौकोनी असतानाच पाडा; गोलाईवर ड्रिल घसरतं. दांडा नुसत्या फेव्हिकॉलवर सोडू नका. टोकाला चीर देऊन पाचर मारा, तीही डोक्याच्या रेषांना काटकोनात, नाहीतर डोकंच चिरायचं. वर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पुरे. पीयूची (पॉलियुरेथेन पॉलिशची) प्लॅस्टिकसारखी चकाकी मला तरी बघवत नाही.

आणि दांडा हवाच असं कुठे आहे? अमेरिकी सिनेटची हातोडी बिनदांड्याची आहे, मुठीत धरून आपटायची. निक्सन उपाध्यक्ष असताना त्यांच्या हातून जुनी फुटली, तेव्हा १९५४ मध्ये भारताने तशीच नवी दिली. उपराष्ट्रपती राधाकृष्णन स्वतः घेऊन गेले होते. ती हस्तिदंती, ते आता विसरा. पण तो आकार शिसवात झकास दिसेल, शिवाय भोक-पाचरीची कटकटच नाही.