घरच्या जुन्या कॉम्प्युटरला पेलेल असा अँटीव्हायरस: इंदूरकरांनो, अनुभव सांगा

धागाकर्ती, राजेंद्रनगर

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतंच असतं, "आता कुठला अँटीव्हायरस टाकू? हलका सांगा." आपल्याकडच्या मराठी घरांतलं चित्र साधारण एकच आहे. मुलं पुण्या-बंगळुरूला, इथे आई-बाबा, आणि मुलाच्या कॉलेजच्या काळातला डेस्कटॉप नाहीतर लॅपटॉप. त्यावर बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल, नातवाशी व्हिडिओ कॉल.

अशा मशीनवर तुम्ही काय टाकलंत आणि मशीनने ते कसं सोसलं, ते लिहा. रॅम किती, हार्ड डिस्क की एसएसडी, विंडोज कुठलं, एवढं सांगाच. त्याशिवाय "माझ्याकडे मस्त चालतो" याला काही अर्थ नाही. जाहिरात नको, आणि लायसन्सची की फुकट कुठे मिळते तेही नको.

निवृत्त कॅशियर, लोकमान्यनगर

रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबीची, विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून व्हायचा, तरी क्रोम उघडलेलं नसायचं.

भाचा आला होता, त्याने कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात १००%. त्या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की सगळ्यात जास्त ओढणारा वर येतो. वर आली दोन नावं, दोन वेगवेगळ्या अँटीव्हायरसची! एक दुकानदाराने मशीनबरोबर टाकून दिलेला, दुसरा कुठलंसं पीडीएफचं सॉफ्टवेअर उतरवताना त्याच्या शेपटीला धरून आलेला. मी फाइल उघडली की पहिला तपासणार, तपासायला त्याने ती उघडली की दुसरा जागा होणार. भाचा म्हणाला, "मामा, एका दाराला दोन वॉचमन, आणि दोघं एकमेकांचं ओळखपत्र मागतायत."

दोन्ही काढले. एकाचे अवशेष कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही मागे राहिले होते. अशा वेळी त्याच कंपनीच्या साइटवर वेगळं रिमूव्हल टूल मिळतं, ते सेफ मोडमध्ये चालवायचं. मशीन रीस्टार्ट केल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाला. दुसरा अँटीव्हायरस असला की तो बाजूला होतो, नसला की परत कामाला लागतो, हे मला तेव्हाच कळलं. आता तोच आहे. चहा अजूनही आधी होतो, पण संपेपर्यंत क्रोम उघडलेलं असतं.

सिल्व्हर मॉलवाला, आरएनटी मार्ग

काका, भाचा हुशार आहे, माझ्याकडे पाठवा!

दुकानात बसून बरीच मशीनं पाहिली, त्यावरून सांगतो. हलका आणि जड हा प्रश्न अर्धा अँटीव्हायरसचा आणि अर्धा डिस्कचा आहे. अँटीव्हायरसचं काम म्हणजे हजारो बारक्या फाइली उघडून पाहणं. फिरत्या डिस्कला नेमकं तेच झेपत नाही, कारण प्रत्येक फाइलसाठी तिचं हेड इकडून तिकडे धावतं. एसएसडीत हेडच नाही. म्हणून "अँटीव्हायरस बदलून द्या" म्हणत कुणी जुना लॅपटॉप आणला की मी आधी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी सुचवतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. दुकानदार आहे म्हणून माल खपवतोय असं वाटलं तर वाटू द्या, पण काकांनी हे केलं तर चहा गारच होणार नाही.

डिफेंडरबद्दल एक तक्रार कायम येते. टास्क मॅनेजरमध्ये "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" नावाचं काहीतरी मशीन खातंय, हाच व्हायरस आहे का? नाही भिया, तोच डिफेंडर! मशीन रिकामं बसलं की तो स्कॅन उरकून घेतो. ज्यांचं मशीन दिवसातून तासभरच चालू असतं, त्यांना तो नेमका त्याच तासात भेटतो. टास्क शेड्युलर उघडा, लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असं आत जा. तिथे "शेड्यूल्ड स्कॅन" आहे, त्याच्या ट्रिगरमध्ये तुमच्या सोयीची वेळ घाला. रविवारी दुपारी जेवणानंतर, म्हणजे मशीन चालू आणि माणूस आडवा.

विकतच घ्यायचा असेल तर डब्यावर "टोटल" आणि "अल्टिमेट" पाहून भुलू नका. व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, ट्यूनअप, ब्राउझरची पट्टी, प्रत्येकाची एकेक सर्व्हिस मागे चालू राहते. नुसतं "अँटीव्हायरस" लिहिलेला सगळ्यात स्वस्त प्रकार हाच बहुधा सगळ्यात हलका. आम्हाला त्यात कमी सुटतं, ते सोडा.

टायपिंगवाली, रामबाग

घरच्या मशीनसाठी वरचं सगळं ठीक. माझं मशीन घरातच आहे, पण दिवसभर परके पेनड्राइव्ह त्यात येतात. लग्नपत्रिका, वकिलांचे अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये. पेनड्राइव्ह उघडला की "प्रश्नपत्रिका" नावाचा फोल्डर दिसतो, पण चित्राच्या डाव्या कोपऱ्यात बारका बाण. तो फोल्डर नसतो, शॉर्टकट असतो. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतोसुद्धा, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "अहो ताई, उघडतंय की!" उघडता उघडता मागे स्क्रिप्ट चालून जाते. खरा फोल्डर तिथेच लपवलेला असतो, डिलीट झालेला नसतो, म्हणून घाबरून फॉरमॅट मारू नये.

पूर्वी पेनड्राइव्ह लावल्या लावल्या ऑटोरनने व्हायरस शिरायचा. विंडोज ७ पासून तो रस्ता बंद झाला आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी-व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. मग ही शॉर्टकटची शक्कल निघाली, क्लिक आपल्याच हातून करवून घ्यायचं.

मी क्विक हील घेतला आहे, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर. पेनड्राइव्ह लावला की आधी स्कॅन, मग उघडणं, एवढंच मला हवं होतं आणि ते होतं. मराठी माणसाचा म्हणून घेतला का? थोडंसं तेही आहे. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिला, १९९५ मध्ये कंपनी निघाली. वजन मला जाणवत नाही, पण काकांच्या ४ जीबी आणि हार्ड डिस्कवर मी तो टाका म्हणणार नाही, आणि दुसरा कुठलाही म्हणणार नाही.

एक गोष्ट टायपिंगवाल्यांसाठी. जुने फाँट कन्व्हर्टर आणि कीबोर्डची सॉफ्टवेअर अँटीव्हायरसला कधीकधी संशयास्पद वाटतात. तेव्हा ती एकच फाइल व्हायरसटोटल या साइटवर चढवून पाहा, तिथे बऱ्याच अँटीव्हायरसची इंजिनं एकदम तपासतात. एखाद-दुसरं सोडून सगळी गप्प असली तर तेवढ्याच फाइलला सूट द्या. अख्ख्या डी ड्राइव्हला सूट देणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि गिऱ्हाइकाची कागदपत्रं तिथे चढवायची नाहीत, ती दुसऱ्यांना पाहायला मिळू शकतात.

सुदामानगरचा, सध्या बंगळुरू

आईचा फोन.

"अरे, सारखं येतंय, तुमच्या संगणकात पाच व्हायरस, लायसन्स संपलं, लगेच भरा. भरू का?"

"थांब गं. कुठे येतंय ते?"

"खाली उजवीकडे, घड्याळाच्या वर."

"त्या चौकोनात बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

"गूगल क्रोम. आणि पुढे काहीतरी डॉट एक्सवायझेड."

तिथेच निकाल लागला. अँटीव्हायरसची सूचना क्रोमच्या नावाने कशाला येईल? कुठल्यातरी साइटने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा" म्हटलं होतं, आईने दाबलं. ती नोटिफिकेशनची परवानगी होती. यात व्हायरस एकही नव्हता, आणि त्यामुळे कुठल्याही अँटीव्हायरसने, हलक्या की जड, ते थांबेलच असं नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढली आणि "साइटना विचारूच देऊ नका" हा पर्याय लावला.

पुढच्या खेपेला घरी आलो तेव्हा आईचं खातं अ‍ॅडमिनचं होतं ते स्टँडर्ड केलं. आता काहीही इन्स्टॉल व्हायला पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे. आई थोडी रुसली. डिफेंडर आहे, बाकी काही नाही. अशा खिडकीत फोन नंबर दिला असेल तर करायचा नाही, हे मॉनिटरला चिठ्ठी चिकटवून ठेवलं आहे. खाली १९३० लिहिलं आहे, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे गेलेच तर पहिला फोन तिथे.

तुकोगंज

फुकटातल्या अँटीव्हायरसवर कुणी बोलत नाही, मी बोलते. माझा मुद्दा वजनाचा नाही. अवास्टचं प्रकरण आठवा. लोकांचा ब्राउझिंगचा डेटा जंपशॉट या त्यांच्याच कंपनीमार्फत विकला जात होता. २०२० मध्ये बातम्या आल्यावर जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. एव्हीजीही २०१६ पासून त्याच घरचा. फुकट घ्या, पण सेटिंग्जमधली "डेटा शेअर करा"ची खूण काढून घ्या.

धागाकर्ती, राजेंद्रनगर

तुकोगंज, सहमत. पण कॅस्परस्की, बिटडिफेंडर यांच्याही फुकट आवृत्त्या आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवायला नको. कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली ती रशियाच्या कारणावरून. ज्याने त्याने ठरवावं.

ग्वाल्हेरहून

बाबांचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे विषय संपला. विंडोज १० ला नावनोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. डिफेंडरच्या व्हायरसच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. यावरून "अजून तीन वर्षं निवांत" असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. यादी आलेल्या चोराला ओळखते, भिंतीचं भोक बुजवत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरला तेव्हा त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच येऊन पडला होता. ज्यांनी घातला नव्हता ते सापडले.

मी विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. बाबांना बातम्या, मेल आणि यूट्यूब एवढंच लागतं. ज्यांना टॅली लागतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

बडोद्याहून

एव्ही-कम्पॅरेटिव्हज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या संस्थेचे परफॉर्मन्स टेस्ट पाहता का कुणी? फाइल कॉपी करणं, झिप करणं, प्रोग्रॅम उघडणं, इन्स्टॉल करणं, ब्राउझिंग, यांत कोण किती मंदावतो ते मोजतात. माझ्या चुलत्यांना त्यावरूनच निवडून दिला. फक्त त्यांची चाचणी एसएसडीच्या मशीनवर असते, तेव्हा हार्ड डिस्कवाल्यांनी ते आकडे आपले समजू नयेत.

निवृत्त कॅशियर, लोकमान्यनगर

सिल्व्हर मॉलवाले, एसएसडीचं बघू, पेन्शन आली की. पण मला सांगा, डिफेंडर खरंच जागा आहे हे ओळखायचं कसं? हिरवी खूण तर त्या जुन्या दोघांनाही होती.

सिल्व्हर मॉलवाला, आरएनटी मार्ग

काका, आयकार नावाची चाचणीची फाइल असते. ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण सगळ्या कंपन्यांनी ठरवून तिला व्हायरस मानलं आहे. आयकारच्याच साइटवरून उतरवा. जागा असेल तर उतरू देणार नाही. आणि मनात शंका असली तर महिन्यातून एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्या. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट टूल आहेत. चालवायचं, तपासायचं, बंद करायचं. ते मागे बसून राहत नाही, त्यामुळे मघाचा दोघांचा तमाशा होत नाही.

निवृत्त कॅशियर, लोकमान्यनगर

केलं. क्रोमनेच आधी अडवलं, मग एज वापरून पाहिलं. फाइल डाउनलोड्समध्ये आली न आली तोच गायब, आणि कोपऱ्यात सूचना, "धोका सापडला". या वेळी नाव विंडोज सिक्युरिटीचं होतं, एक्सवायझेड नाही. हिला दाखवायला गेलो तर ही म्हणते, "आहो, मुद्दाम व्हायरस आणून घालताय घरात?"