बोंगो दीड तास वाजवला की मांड्या आणि डावा अंगठा कामातून जातात. बसायचं तरी कसं?

ठेका_फोंडा

मंडळी, नमस्कार. मी मूळचा तबल्याचा माणूस. सत्तावीस वर्षं देवळात सोमवारच्या भजनाला साथ केली, तीही मांडी घालून. वय ५२. यंदा आमच्या वाड्यावरच्या वाद्यवृंदातला बोंगोवाला पोरगा बोटीवर लागला, आणि गणेश चवथीचे कार्यक्रम तर तोंडावर. ‘तबला येतो ना, मग बोंगो म्हणजे त्याचीच धाकटी भावंडं’ असं म्हणून दोन छोट्या ड्रमची ती जोडी माझ्या पुढ्यात ठेवली. हे म्हणणारा गृहस्थ व्हायोलिन वाजवतो, म्हणून माफ केलं.

तालीम देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत होते. बसायला मांडवातली हातांची प्लॅस्टिकची खुर्ची. जोडी गुडघ्यांत धरतो. घसरू नये म्हणून आवळावी लागते, आणि अर्ध्या तासात मांड्यांच्या आतल्या बाजूला पेटके येतात. खालचे नट पोटरीत रुततात, निळं पडलंय. बायको विचारते, कुठे आपटलात?

पण खरी काळजी डाव्या अंगठ्याची. बुडाशी, मनगटाच्या जरा वर दुखतं. सकाळी मोटारसायकलचा क्लच दाबताना कळ येते. मान आणि खांदे भरतात ते वेगळंच. मांडी घालून तीन-तीन तास तबला वाजवलाय, कधी असं झालं नाही.

त्यात पावसामुळे आवाज बसलाय, नुसतं धप्प धप्प. मागे ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) असल्याने जोर काढावा लागतो. वादनाचं मी बघून घेईन, बसण्याचं तेवढं सांगा.


हरमलची_सांज

दादा, आधी ती खुर्ची बदला. हातांच्या खुर्चीत कोपरं अडकतात, म्हणून खांदे वर जातात. शिवाय तिची बैठक मागे उतरती असते. पाठ मागे सरकते, हात पुढे ताणले जातात, मग मान पुढे येणारच. बिनहाताचं स्टूल घ्या. उंची अशी हवी की बसल्यावर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली.

जोडी आवळायची नसते हो! तिचं वजन पोटऱ्यांवर टेकवायचं, गुडघ्यांनी नुसतं शेजारी उभं राहायचं. खात्री करायची असेल तर वाजवता वाजवता गुडघे बोटभर सैल सोडा. जोडी जागेवर राहिली तर बैठक बरोबर. अगदी सपाटही धरू नका. मनगट वर-खाली न मोडता हात सरळ पानावर, म्हणजे ड्रमच्या कातड्यावर येईल इतकी कलती करा.

आणि एक सांगा, लहान ड्रम कुठल्या हाताला ठेवलाय? तबलजी हमखास उजवीकडे ठेवतात. क्यूबाची पद्धत उलटी. तिथे लहानाला माचो म्हणजे नर म्हणतात, मोठ्याला एम्ब्रा म्हणजे मादी, आणि उजव्या हाताचा वादक माचो डावीकडे ठेवतो. मी हे किनाऱ्यावर संध्याकाळी वाजवायला येणाऱ्या एका परदेशी म्हाताऱ्याकडून शिकलो. तीन दिवस त्याने मला वाजवूच दिलं नाही, नुसतं बसवून ठेवलं. तेव्हा राग आला होता.


लयवेडी

@ठेका_फोंडा, काका, अंगठ्याबद्दल मी सांगते. मी पण तबल्यावरून बोंगोवर आले, मलाही हेच झालं होतं.

तुम्ही मार्तीयो वाजवत असणार. बोंगोचा मूळ ठेका तोच, मार्तीयो म्हणजे हातोडा. आठ मात्रा सारख्या अंतराने, बहुतेक सगळ्या लहान ड्रमवर, मोठा शेवटाकडे एकदा बोलतो. यात डावा हात सतत एकदा अंगठा, एकदा बोटं असं करत असतो. आपण काय करतो, तर हात स्थिर ठेवून एकटा अंगठा उचलतो आणि आपटतो. मिनिटाला शंभरच्या लयीत दीड तास, म्हणजे किती वेळा ते तुम्हीच मोजा. त्या बारीकशा स्नायूने किती सोसायचं?

काका, तुम्हाला तबल्याचा धिरधिर बोल येतो ना? तिथे पंजा पुडीवर कसा डोलतो, बोटं वेगळी मारावी लागत नाहीत, अगदी तसंच. कोपरापासूनचा हात कुलपात किल्ली फिरवावी तसा थोडा थोडा फिरवा. एका बाजूला कलला की अंगठा आपोआप पडतो, दुसऱ्या बाजूला कलला की बोटं. अंगठ्याने स्वतःहून काही करायचं नाही. चार दिवस आवाज बारीक येईल, येऊ दे.

बोटात अंगठी असेल तर काढून ठेवा. काठावर बसली तर बोट सुजतं, मग अंगठी निघत नाही. हा माझाच अनुभव, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतली.


मोकळाढाकळा

स्टँड घ्या आणि उभं राहून वाजवा, मिटला प्रश्न. एवढं काय?


सांधेदुखी_मडगाव

@मोकळाढाकळा, मिटत नाही, फक्त जागा बदलतो. स्टँड खाली राहिला की माणूस कमरेत वाकतो आणि महिन्याने माझ्याकडे येतो. स्टँडच घ्यायचा तर कोपर काटकोनापेक्षा जरा जास्त उघडं राहील अशा उंचीवर लावा. एक पाय थोडा पुढे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ठेका_फोंडा, अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीव्र कळ आली तर तिथल्या स्नायुबंधांचं आवरण सुजलेलं असू शकतं. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणाऱ्यांना, तान्ही मुलं उचलणाऱ्या आयांनाही हे होतं. कळ आली तर पुन्हा पुन्हा करून बघू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि तोपर्यंत डाव्या हाताचा अंगठा वाजवण्यातून वगळा. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर तो वेगळा विषय. तिथे मनगटातली नस दाबली जात असते. तेही अंगावर काढू नका.

मांड्यांचं एवढं काही नाही. तबल्याला मांडी घालून गुडघे बाहेर सोडलेले असतात, इथे तुम्ही ते आत ओढताय. ज्या स्नायूंना सत्तावीस वर्षांत काम नव्हतं त्यांना दीड तास एकदम जुंपलंत. वीसेक मिनिटांनी उठा, फेरी मारा, पाणी प्या.


घुमटवाला_सत्तरी

सगळ्यांनी बसण्याचं सांगितलं. पण तुम्ही शेवटी जे ओझरतं लिहिलंय, की आवाज धप्प येतो म्हणून जोर काढतो, दुखणं मला तरी तिथेच दिसतं.

आमच्याकडे चवथीला आरत्यांना घुमटं निघतात, मातीच्या मडक्याला कातडं लावलेली. पूर्वी त्यांना घोरपडीचं कातडं असे, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचं. पण कातडं कोणाचंही असो, श्रावण-भाद्रपदात ते ओल पितं आणि उतरतं, सैल पडतं. उतरलेल्या कातड्यावर कितीही बडवा, ते हाताला काही परत देत नाही. चढलेलं पान बोट स्वतःच वर फेकतं. तुम्ही तबल्याचे, तुम्हाला हे मी काय सांगायचं? बोंगोचं पान तर तबल्याच्या पुडीपेक्षाही कडक ताणायचं असतं. नट नव्हते तेव्हा क्यूबातले लोक खाली आग धरून शेकवत. आम्ही घुमट उन्हात ठेवतो तसंच ते.

पान्याने प्रत्येक नट पाव फेरा, एक झाला की समोरचा. एकाच बाजूने पिळत गेलात तर कडं वाकडं बसेल. वाजवण्याआधी तासभर पेटीत पिवळ्या बल्बच्या उबेला ठेवा. कार्यक्रम संपला की नट सैल सोडा, नाहीतर कोरड्या दिवसांत पान फाटतं.

आणि साउंडवाल्याला सांगा, दोन ड्रमच्या मधोमध वरून एक माइक दे. ऑक्टोपॅडशी हाताने कुठे मारामारी करताय?


ठेका_फोंडा

अकरा दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. मध्ये वीज गेली, मग पाहुणे आले.

हरमलवाल्यांनी ओळखलं. लहान ड्रम उजवीकडेच होता, आणि डावा हात अख्खं पोट ओलांडून तिथे जात होता. आता बदललाय. पहिल्या दिवशी इतका गोंधळ उडाला की ‘अहो, सम कुठे गेली’ असं व्हायोलिनवाल्याने मला विचारलं. मला! पण खांदा तिसऱ्या दिवशी शांत झाला.

स्टूल सापडलं आईच्या शिवणाच्या मशीनचं. बाजारात दोन बघितली होती, एक उंच, एक बुटकं. हे घरातलं ४० वर्षं जुनं, मांड्या बरोबर उतरत्या येतात. आई म्हणाली, ‘आण परत, मला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना चढायला लागतं.’ पोटरीवर पंचाची घडी ठेवतो, नट टोचत नाहीत. गुडघे सैल सोडायची परीक्षा पहिल्यांदा नापास झालो, जोडी सरळ पायावर पडली. आता पास.

अंगठ्याची मूठ करून पाहिली. कळ आली, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आलो. पट्टा दिलाय आणि तीन आठवडे अंगठ्याला सुट्टी. त्यामुळे सध्या डाव्या हाताची फक्त बोटं वाजतात, ठेका अर्धा मुंडा वाटतो, पण ऐकणाऱ्या कोणाच्या लक्षात आलेलं नाही. हे जरा मनाला लागलं. लयवेडी बाय, तुझा धिरधिर मी मांडीवर, उशीवर, भाताच्या डब्यावर करतोय. पट्टा सुटला की पानावर.

घुमटवाले भाई, पान ताणलं. पहिली थाप पडली तेव्हा मीच दचकलो. इतके दिवस मी ओल्या गोणपाटावर हात मारत होतो म्हणायचं. माइकही मिळाला, फक्त साउंडवाला तो प्रत्येक वेळी निवेदिकेला देऊन टाकतो.

आता एकच अडचण. पिवळा १०० वॅटचा बल्ब फोंड्यात तीन दुकानांत विचारला, सगळीकडे एलईडी. ते तापतच नाहीत. एकाकडे ४० चा निघाला, त्याने पान नुसतं कोमट होतं. कोणाच्या माळ्यावर जुना पडून असेल तर कळवा. शनिवारी बांदोड्याला कार्यक्रम आहे, येऊन घेऊन जाईन.