उंची कार वॅक्स डिस्काउंट स्टोअरमध्ये ठेवावं का?

चकाकी (धागाकर्ता):

गाडीचं वॅक्स बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी विक्री बघतो. माल उंची आहे आणि भावही तसाच. आजवर डिटेलिंगची, म्हणजे गाड्या बारकाईने साफ करून चमकवणारी, दुकानं आणि आमच्याकडे थेट येणाऱ्या ऑर्डरी, एवढ्या दोनच वाटांनी माल जातो. आता एका मोठ्या डिस्काउंट साखळीने विचारणा केली आहे की तुमचा डबा आमच्या शेल्फवर ठेवू. मालक जवळजवळ तयार आहेत. माझा विरोध आहे. तो टिकतो का, हे बघायला इथे मांडतोय.

पेस्ट वॅक्स ही ट्रॉलीत टाकली आणि घरी नेली अशी वस्तू नाही. तिच्यात कार्नौबा असतं, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर जमणारं मेण. नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. नुसतं कार्नौबा गाडीवर फासताच येत नाही. त्यात द्रावक, तेलं, मऊ मेणं मिसळून ते पसरण्याजोगं करावं लागतं, आणि ते मिश्रण जमवण्यातच सगळी कारागिरी. मग ते लावायचं कसं, हे सांगणारा माणूस काउंटरमागे लागतो. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा. थर इतका पातळ की लावलाय की नाही अशी शंका यावी. तो धुरकट झाला की बोटाने एक रेघ ओढून बघायची, खालचा रंग स्वच्छ दिसला तरच पुसायला घ्यायचं. डिस्काउंट स्टोअरमध्ये हे कोण सांगणार? शेल्फ भरणारा मुलगा?

दुसरा मुद्दा भावाचा. तिथे आमचा डबा स्वस्तात दिसला की डिटेलिंगवाला त्याच दिवशी फोन करून म्हणणार, "मग मी कशाला ठेवू?"

उदाहरण द्यायचं तर अमेरिकेतल्या स्नॅपर या गवत कापायच्या यंत्रांच्या कंपनीचं. २००२ मध्ये तिचे प्रमुख जिम वियर स्वतः वॉलमार्टच्या मुख्यालयात गेले आणि यापुढे माल देणार नाही असं सांगून आले. विक्रीनंतर यंत्राची काळजी घेणारे त्यांचे स्वतंत्र विक्रेते होते. वॉलमार्टच्या भावाशी ते स्पर्धा करू शकले नसते, आणि ते गेले असते तर स्नॅपरचं वेगळेपणही गेलं असतं.

गोदामवाला:

स्नॅपरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, ती कंपनी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनकडे गेली आणि पुढे स्नॅपरची यंत्रं पुन्हा वॉलमार्टमध्ये दिसू लागली. बाणेदारपणा कौतुकाचा आहे, पण मालक बदलला की तो टिकतोच असं नाही.

आणि तुमच्याच धंद्यातलं मोठं उदाहरण तुम्ही गाळलंत. मेग्वायर्स. १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशवर सुरू झालेली कंपनी, २००८ मध्ये थ्रीएमने विकत घेतली. तिच्या बाटल्या सुपरस्टोअरमध्ये राजरोस मिळतात. म्हणून व्यावसायिक डिटेलरांनी ती टाकून दिली का? तिच्याच पॉलिशने ते आजही गाड्या घासतात.

माझं मत स्पष्ट आहे. स्वतःची गाडी स्वतः धुणारा माणूस बादली, साबण आणि फडकी घ्यायला डिस्काउंट स्टोअरमध्येच जातो. तुमचं गिऱ्हाईक तिथे उभं आहे आणि तुम्ही त्याने वाट वाकडी करून तुमच्याकडे यावं म्हणून बसला आहात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण झाकल्या मुठीने गल्ला भरत नाही.

चकाकी:

मेग्वायर्सचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं की! त्यांची मिरर ग्लेझ ही व्यावसायिकांची मालिका वेगळी आहे. सामान्य गिऱ्हाइकाची बाटली वेगळी, डिटेलरची वेगळी. डिटेलरला तीच वस्तू शेजारच्या शेल्फवर स्वस्तात दिसत नाही. आमच्याकडे एकच डबा आहे. तोच दोन्हीकडे ठेवायचा असं चाललंय.

उन्हातली गाडी:

मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. डिटेलिंगच्या दुकानातल्या त्या ज्ञानी माणसाबद्दल फार हळवे होऊ नका. मी गेले होते एकदा. आधी माझी गाडी कुठली ते विचारलं, मग चेहरा पडला, मग म्हणाला, "तुम्हाला हे लागणार नाही." वॅक्स न घेताच परत आले. डिस्काउंट स्टोअरचं शेल्फ मला गाडी विचारत नाही.

लावायचं कसं ते डब्यामागे नीट छापा ना. सावली, पातळ थर, बोटाची रेघ. तुम्ही वर लिहिलंत तेवढंच, आणि ते मला एका वाचनात कळलं.

शिवाय या "शंभर टक्के कार्नौबा"वाल्यांचा हिशेबही कुणीतरी घ्या. नुसतं कार्नौबा पसरतच नाही असं धागाकर्तेच सांगताहेत. मग डब्यात शंभर टक्के कुठून आलं? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मऊ फडकं:

मी डिटेलिंग करतो, तर माझे दोन शब्द. आधी उन्हातली गाडी यांची माफी मागतो, आमच्यातले काही जण असे आहेत खरे. शंभर टक्क्यांबद्दल: बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्यात जे मेण आहे ते सगळं कार्नौबा आहे. डब्यात मेणाशिवाय बाकी काय आणि किती, हे ते वाक्य सांगत नाही. फसवं आहे, मान्य.

पण "डब्यामागे छापा" हे दिसतं तितकं सोपं नाही. माझ्याकडे वॅक्स बिघडवून येणाऱ्या गाड्यांत तोच तो प्रकार दिसतो. बंपरवर आणि आरशाखालच्या काळ्या खरखरीत प्लास्टिकवर पांढरे ओरखडे. वॅक्स तिथे जाऊन वाळलंय, पुसून निघत नाही, धुतल्यावर क्षणभर नाहीसं होतं आणि सुकलं की पुन्हा पांढरं. मग दातांच्या ब्रशने खाचाखाचांतून काढत बसायचं. दुसरा प्रकार मॅट रंगाचा. मॅट गाडीवर चकाकीचं वॅक्स घासलं की ठिकठिकाणी तुळतुळीत डाग पडतात. हे दोन्ही इशारे डब्यावर छापलेले असतात, बारीक अक्षरांत. वाचतंय कोण?

तरीही मी धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत नाही. शिकवायला माणूस लागतो हे खरं, पण तो माणूस दुकानातच असला पाहिजे असं नाही. आजकाल लोक व्हिडिओ बघून येतात आणि मलाच शिकवतात.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. पेस्ट वॅक्सचं महागपण टिकण्यात नाही. कार्नौबाचा थर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने राहतो. साधं सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, त्याहून जास्त टिकतं आणि लावायलाही सोपं. कार्नौबा लोक घेतात ते गडद रंगावर येणाऱ्या त्या खोल, ओलसर झळाळीसाठी, वासासाठी, आणि रविवारी सकाळी हाताने घासत बसण्याच्या सुखासाठी. शेल्फवर शेजारी "सहा महिने संरक्षण" असं ठळक छापलेली बाटली असेल, तर तुमच्या डब्यावर काय छापणार? "सुंदर दिसतं"?

हिशेबनीस:

मऊ फडकं यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा पुढे नेतो. बिनमाणसांच्या शेल्फवर जे छापता येतं तेच विकलं जातं. तुमच्या वॅक्सचा गुण छापता येत नाही, म्हणून तो डबा उठणार नाही. आणि न उठलेल्या मालाचं काय होतं, खरा धोका तिथेच आहे. रोजच्या सवलतीला तुम्ही उगाच घाबरताय.

साखळीबरोबरचे करार मी बघितले आहेत, म्हणून सांगतो. पहिली ऑर्डर भली मोठी असते. तेवढा माल करायला कच्चा माल आणि डबे आधी घ्यावे लागतात, पैसे मात्र बऱ्याच उशिरा येतात. ऑफरचा खर्च बहुधा पुरवठादाराच्या माथी. माल पोचायला उशीर झाला, लेबल चुकलं, की दंड बिलातून परस्पर कापला जातो. आणि ठरलेल्या मुदतीत खप झाला नाही, तर माल एकतर तुमच्याकडे परत येतो किंवा लाल स्टिकर लागून पडेल भावात निकाली निघतो. परत आलेला माल खोकी फाटलेला, झाकणं दबलेला असतो. लाल स्टिकरचा माल घाऊकवाले उचलतात आणि तो कुठे जाऊन उगवेल याचा नेम नाही. तुमच्या डिटेलरला तुमचा डबा पडेल भावात दिसणार आहे तो इथून आलेला.

हे भल्याभल्यांना भोवलं आहे. २००० मध्ये फॅशन डिझायनर केल्विन क्लाइन यांनी त्यांचा माल बनवणाऱ्या वॉर्नाको कंपनीवर दावा लावला. त्यांच्या नावाच्या जीन्स घाऊक गोदामवजा दुकानांत विकून तुम्ही नावाची किंमत घालवता, अशी तक्रार होती. जानेवारी २००१ मध्ये, खटला उभा राहता राहता, तडजोड झाली.

गोदामवाला:

मग करारातच लिहून घ्या ना की अमुक भावाखाली विकायचं नाही.

हिशेबनीस:

सगळीकडे लिहिता येत नाही. अमेरिकेत १९११ च्या निकालापासून किमान विक्रीभाव बांधून देणं सरसकट बेकायदा होतं. २००७ मध्ये लीजिन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं, आता प्रत्येक प्रकरणाचा बरावाईट परिणाम बघून ठरवतात. तरी राज्यांचे कायदे वेगळे आहेतच. युरोपीय संघात किमान भावाची सक्ती आजही गंभीर उल्लंघन समजली जाते. तिथे दुकान निवडायची मुभा जास्त आहे. २०१७ मध्ये कोटी (Coty) या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने म्हटलं की चैनीच्या मालाचा उत्पादक काही अटी पाळून आपल्या अधिकृत विक्रेत्यांना दुसऱ्यांच्या ऑनलाइन बाजारात माल विकण्यापासून रोखू शकतो. म्हणजे कोणाला द्यायचं हे तुमच्या हातात बरंच आहे. दिल्यावर तो किती भावाला विकेल, हे फारसं नाही. निर्णय घ्यायचा तो माल द्यायच्या आधी.

चकाकी:

हे मालकांना जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. ते म्हणतात, "मग लहान डबा काढू, फक्त त्यांच्यासाठी. तुलना होणारच नाही."

हिशेबनीस:

लहान डब्याने बारकोड वेगळा होतो, पण बरीच दुकानं शेल्फवर दर शंभर ग्रॅमचा भावही लावतात. लहान डब्याचा दर मोठ्यापेक्षा चढा ठेवलात तर चालेल. साखळी मात्र त्याच्या उलट मागणार, हे गृहीत धरा.

उन्हातली गाडी:

सगळे जण डिटेलरला काय वाटेल यावरच का बोलताय? मी तो लहान डबा घेईन. एका गाडीला मोठा डबा वर्षानुवर्षं पुरतो, झाकण सैल राहिलं की द्रावक उडून जातं आणि पेस्ट कडेने आक्रसून तडकते. माझ्याकडे असा एक पडला आहे. मोठा डबा घ्यायला लावणं हा उंची मालाचाच दोष आहे, आणि तो डिस्काउंट स्टोअरने सुधारला तर बरंच आहे.

मऊ फडकं:

हा मुद्दा भारी आहे, आम्ही कोणीच मांडला नव्हता.

चकाकी, पेस्टऐवजी दुसरं काही देता येईल का? स्प्रे वॅक्स असेल तर ते द्या. धुतल्यावर फवारायचं आणि पुसायचं, चुकायला वाव कमी, काळ्या प्लास्टिकवर उडालं तरी बहुतेक स्प्रे लगेच पुसले की निघतात. "दहा मिनिटांत" असं समोर छापताही येतं. नाव वेगळं ठेवा, फार तर खाली बारीक अक्षरांत कंपनी. एक काळजी घ्या: असे बरेच स्प्रे पाण्यातले इमल्शन असतात, म्हणजे पाण्यात मिसळून ठेवलेले बारीक थेंब, आणि थंडीत गोठले की ते मिश्रण फुटून वेगळं होतं. गोदाम तापवलेलं आहे का ते विचारा.

गोदामवाला:

गोदामाबद्दल मी सांगतो, नसतं तापवलेलं. आणि हा स्प्रे चांगला खपला की पुढच्या हंगामात साखळी स्वतःच्या नावाचा तसलाच स्प्रे शेजारी ठेवणार, तुमच्याहून स्वस्त. पण ते तुम्ही माल दिला नाहीत तरी करणारच आहेत. मग तोवर चार पैसे कमवायला काय हरकत आहे?

चकाकी:

हरकत ही की तोवर कमवायच्या नादात आमचे डिटेलर गेले, तर परतीची वाट राहत नाही. तरी स्प्रेचा विचार मला पटतोय. मालकांपुढे असं मांडणार आहे: पेस्ट नाही, वेगळ्या नावाचा स्प्रे, पहिली ऑर्डर लहान, आणि न खपलेला माल आम्हीच परत घेऊ, निकाली काढायचा नाही.

हिशेबनीस:

शेवटची अट ते हसत मान्य करतील, कारण तीच त्यांना हवी असते. परतीचा वाहतूकखर्च कोणाचा ते आधी लिहून घ्या. आणि लहान ऑर्डर मागितलीत तर "काही निवडक दुकानांत चाचणी" असं म्हणा, नुसतं "लहान" म्हटलं की खरेदीवाला फाइल मिटतो.

मऊ फडकं:

आणि मालकांनी पेस्टचाच हट्ट धरला, तर झाकणाखाली आतून सील लावा. उघड्या शेल्फवरच्या पेस्टचं झाकण लोक वास घ्यायला फिरवतात आणि अंगठा दाबून बघतात. ठसा उमटलेला डबा पुढचा माणूस पूर्ण भावात घेत नाही.