नववीला इंग्रजी अभिजात कथा शिकवताना: शब्द अडवतात, शेवट फुटतो

नववी_ब_च्या_बाई

नमस्कार. मराठी माध्यम, इंग्रजी तृतीय भाषा, वर्गात ४८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. दुसऱ्या सत्रात पुस्तकाबाहेरच्या कथांसाठी आठ तासिका मिळणार आहेत. ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय', साकीची 'द ओपन विंडो' आणि मोपासांची 'द नेकलेस' घ्यायचं ठरवलंय. अडचणी दोन. ओळीओळीला मराठी अर्थ सांगत बसलं की गोष्टीचा जीव जातो. आणि तिन्ही कथांचं सगळं शेवटच्या कलाटणीवर. एका मुलाने यूट्यूबवर पाहिली असली तरी पाच मिनिटांत वर्गभर होतं. आधी कुठली घ्यावी, कुठे थांबावं, शब्दांचं काय करावं?

पाटीपेन्सिल

मॅडम, 'गिफ्ट'बद्दल सांगतो. नाव झाकून झेरॉक्स काढा आणि कथा चार तुकड्यांत द्या, एका वेळी एकच तुकडा. डेला आणि जिम (बायको केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेते, नवरा तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणतो) ही नावं शोधली की कथा सापडते, म्हणून तास संपताना कागद परत घ्या. शक्य असेल तर सलग दोन तासिका मागून घ्या, मध्ये रात्र जाऊ देऊ नका.

पहिला तुकडा डेला आरशासमोर केस मोकळे सोडते तिथपर्यंत. दुसरा, जिम दार उघडतो आणि तिच्याकडे बघत थिजून उभा राहतो तिथपर्यंत. इथे थांबा आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर एकच शब्द लिहू द्या: जिमच्या चेहऱ्यावर काय आहे? बहुतेक 'राग' येतो, थोडे 'धक्का' लिहितात. मग तिसरा तुकडा वाटा. लेखकाने स्वतःच म्हटलंय की तो राग नव्हता, आश्चर्य नव्हतं, नापसंती नव्हती, भयही नव्हतं. आपण लिहिलेला शब्द लेखकाने खोडलेला पाहिला की मुलं पुढचं वाक्य आपणहून वाचतात. जिम घड्याळाचं सांगतो त्याच्या आधी तिसरा तुकडा संपवा.

फळ्यावर हिशेब मांडा. हातात १.८७ डॉलर, केसांचे २० आले, साखळीला २१ गेले, उरले ८७ सेंट. जिमची कमाई आठवड्याला २०, घरभाडं ८. म्हणजे साखळी त्याच्या आठवड्याच्या पगाराहून महाग. इथे एक चूक हटकून होते: मुलं आजच्या दराने रुपये काढतात आणि डेला गरीब कशी, असं विचारतात. कथा १९०५ची आहे. रुपयांत जाऊच नका, पगाराशी तुलना करा. एखादं हुशार पोर विचारेल की १.८७ पैकी ६० सेंट पेनींत, म्हणजे १ सेंटच्या नाण्यांत, असतील तर उरलेले १.२७ पेनीशिवाय कसे जुळतात? ५, १० आणि २५च्या नाण्यांत जुळत नाहीत. जुनं २ सेंटचं नाणं धरलं तर जुळतात. त्याला शाबासकी द्या, त्याने पहिला परिच्छेद खरंच वाचलाय.

शब्दांची चाळणी अशी: ज्याच्यावाचून घडामोड कळत नाही, तेवढेच आधी सांगा. पार्सिमनी, मेंडिकन्सी खुशाल सोडा, कथा अडत नाही. पण 'कोम्ब्ज' सोडलात तर कथाच बुडाली. मुलांना वाटतं रोजचा कंगवा. मग केस कापले तरी विंचरायला काय हरकत? त्या कासवाच्या पाठीच्या, खडे जडवलेल्या, लांब केसांत खोचून ठेवायच्या फण्या आहेत. अंबाड्यात खोचलेल्या फणीचं चित्र दाखवा. खिशातल्या घड्याळाचंही तसंच. गांधीजींच्या कमरेला लटकणारं घड्याळ दाखवलं की साखळी कशाला लागते ते एका नजरेत कळतं.

नाव सगळ्यात शेवटी उघडा. मॅजाय म्हणजे बाळ येशूला भेटी आणणारे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष. गोव्यातल्या रेईश मागूश किल्ल्याचं नाव त्यांच्यावरूनच आलंय, ६ जानेवारीला तिथे तीन राजांचं फेस्तही असतं. वर्गात वसईकडचं किंवा गोव्याचं कुणी असेल तर त्यालाच सांगू द्या.

तास_तिसरा

सुरुवात मात्र 'ओपन विंडो'ने करावी असं माझं मत. कथा जेमतेम बाराशे शब्दांची, एका तासिकेत वाचून होते, दुसरीत चर्चा. मुलांना पूर्ण इंग्रजी कथा संपवल्याचं समाधान पहिल्याच आठवड्यात मिळतं, ते फार गरजेचं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी: व्हेरा नावाची मुलगी नटेल या पाहुण्याला थाप मारते की शिकारीला गेलेले मावशीचा नवरा आणि दोन भाऊ मेले, खिडकी त्यांच्यासाठी उघडी असते; मग ते तिघं खरंच चालत येतात. वाचायच्या आधी फळ्यावर फ्रेंच विंडो काढा: जमिनीपर्यंत आलेली, दारासारखी उघडणारी, समोर हिरवळ. हे केलं नाही तर मुलांच्या डोळ्यासमोर गजांची खिडकी असते आणि तिघं बंदूकवाले कुत्र्यासकट आत आले कुठून, हा प्रश्न शेवटपर्यंत छळतो.

व्हेराचे दोन प्रश्न अधोरेखित करायला लावा: या भागातली माणसं ओळखता का, आणि म्हणजे माझ्या मावशीबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही ना. (आंट म्हणजे मावशी की आत्या, कथेत खुलासा नाही, मराठीत काही तरी एक ठरवून टाका.) पहिल्या वाचनात हे गप्पांचे प्रश्न वाटतात. दुसऱ्या वाचनात मुलांना दिसतं की पंधरा वर्षांची मुलगी समोरचा माणूस थाप पचवेल का, ते चाचपून बघतेय.

नटेल पळत सुटतो तिथे थांबा. पुढे व्हेरा गंगेकाठचं कब्रस्तान आणि भटक्या कुत्र्यांची टोळी असं दुसरंच सांगते, ते वाचल्यावर विचारा: हे खरं कशावरून? कुणीतरी 'हीही थाप!' म्हणून ओरडतं, आणि कलाटणी तुम्हाला समजवावी लागत नाही. शेवटच्या ओळीतला 'रोमान्स' मात्र सांभाळा. मुलं प्रेमप्रकरण असा अर्थ लावून हसतात आणि शेवट वाया जातो. इथे त्याचा अर्थ रचलेली गोष्ट. तो शब्द आदल्या दिवशीच, कथेचा संदर्भ न देता, दोन्ही अर्थांनी शिकवून ठेवा.

नववी_ब_च्या_बाई

दोघांचेही आभार. कंगव्याचं तर लक्षातच आलं नसतं. पण ज्यांना शेवट आधीच माहीत आहे, त्यांना गप्प कसं बसवायचं? आणि 'नेकलेस' शेवटी ठेवू ना?

दुसरं_वाचन

शेवटीच ठेवा. ('नेकलेस' म्हणजे मेजवानीसाठी मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवतो, नवराबायको कर्ज काढून तसाच हिऱ्यांचा हार परत करतात, आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटाच होता.) आणि गप्प बसवू नका, कामाला लावा. पहिल्याच मिनिटाला विचारा, शेवट कुणाला माहीत आहे? त्यांचा वेगळा गट करा: हार खोटा असल्याचा पुरावा शेवटच्या पानाआधी कथेत कुठे आहे, तो ओळीसकट शोधायचा आणि वहीत लिहायचा, बोलायचं नाही. पुरावे आहेत. हार हरवल्यावर नवराबायको डबीवरच्या नावावरून सराफाकडे जातात, तेव्हा तो वह्या पाहून म्हणतो की हार आमच्याकडून गेलेला नाही, आम्ही फक्त डबी दिली असावी. हिऱ्यांचा हार एकाकडचा आणि डबी दुसऱ्याकडची, का? शिवाय मैत्रीण हार मागताक्षणी देते, आणि परत आल्यावर डबी उघडूनही बघत नाही. मोपासांने सगळं समोर मांडलेलं आहे. हे जे मूल शोधतं, त्याला पुन्हा अशी कथा नुसत्या धक्क्यासाठी वाचवत नाही.

म्हणून संक्षिप्त प्रत वापरत असाल तर सराफाचं वाक्य शिल्लक आहे का ते आधी तपासा. ते गाळलं असेल तर प्रत बदला. मूळ कथा फ्रेंच, १८८४ची; इंग्रजी अनुवाद बरेच आहेत, वाक्यं जुळत नाहीत, तेव्हा सगळ्यांच्या हातात एकच अनुवाद हवा.

इथेही आकडे कामाला येतात. ड्रेसचे ४०० फ्रँक नवऱ्याने बंदुकीसाठी जमवलेले. नवा हार ३६,००० फ्रँकांचा: १८,००० वडिलोपार्जित, बाकीचं कर्ज, फेडायला दहा वर्षं. मूळ हार फार तर ५०० फ्रँकांचा. भागाकार मुलांनाच करू द्या. ७२ हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो.

'या कथेतून काय बोध मिळतो' हा प्रश्न टाळा, निदान पहिल्या दोन तासिकांत. 'हाव वाईट' असं उत्तर येतं आणि तिथेच विचार थांबतो. त्याऐवजी विचारा: हार हरवल्याचं मैत्रिणीला त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर? का नाही सांगितलं? यावर अर्धा वर्ग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला जातो. मराठीत भांडू द्या, लिहायला मात्र इंग्रजीत पाचच वाक्यं.

पाटीपेन्सिल

पटलं, 'ओपन विंडो' आधी. मग आठ तासिका २, ३, ३ अशा वाटता येतील. लेखनासाठी तिन्ही कथांना चालणारा एकच तक्ता द्या, दोन रकाने: कोणाला काय माहीत आहे, कोणाला काय माहीत नाही. 'गिफ्ट'मध्ये तो जिम दारात उभा असताना भरायचा, 'ओपन विंडो'त तिघं हिरवळीवर दिसतात तेव्हा, 'नेकलेस'मध्ये मैत्रीण डबी परत घेते तेव्हा. तपासायला सोपा, एका वहीला दोन मिनिटं पुरतात, आणि गाईडमधून उतरवता येत नाही.